बाबा फणस कसा उतरवायचे, आई साठं कशी घालायची: नेमकी पद्धत लिहा

मांडवीकांठ
गोव्यातल्या बहुतेक घरांत फणसाची कामं वाटलेली असत. उतरवणं आणि फोडणं वडिलांकडे. गरे निवडून झाले की पुढचं सगळं आईकडे, म्हणजे साठं (फणसपोळ्या), सांदणं (फणसाच्या रसाच्या गोड इडल्या) आणि पावसाळ्यासाठी आठळ्या राखणं. फणसाचा वास आला की वडिलांचे खोबरेल लावलेले हात आधी डोळ्यांपुढे येतात, असे इथे बरेच जण निघतील. मात्र त्या हातांनी कोणत्या क्रमाने काय केलं ते विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही, कारण चीक लागेल म्हणून मुलांना लांब बसवलेलं असायचं.

म्हणून हा धागा. आई-वडिलांची आठवण काढाच, पण त्यात कृती आणि प्रमाण येऊ द्या. फणस तयार झाला हे झाडावर कसं ओळखायचं, चीक न माखता कसा फोडायचा, रसाळ (मऊ गऱ्यांचा) कशाला आणि कापो (कडक गऱ्यांचा) कशाला, साठं का बिघडतात, आठळ्या कशात ठेवायच्या. अंगणात दोन्ही जातींची झाडं लगडली आहेत आणि विचारायला घरात जुनं माणूस उरलेलं नाही.

कुळागरी
पहिला प्रश्न मी घेतो. जुनी माणसं फणस थापटून बघायची ती सवय म्हणून नव्हे. कोवळा फणस थापटला की 'टक टक' असा कडक आवाज येतो. तयार झालेला 'बद बद' वाजतो. पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. काटे बघा. कोवळ्याचे काटे टोकदार आणि एकमेकांना खेटून असतात. आत गरे भरले की साल ताणली जाते, काटे एकमेकांपासून सुटतात आणि त्यांची टोकं बसतात. तिसरी खूण देठावरचं पान. फळाच्या देठाला अगदी लागून जे शेवटचं पान असतं ते पिवळं पडतं. चौथी खूण चिकाची. एका काट्याचं टोक सुरीने हलकेच उडवा. दाट पांढरा चीक भळभळून आला तर थांबा, पातळ आणि बेताचा आला तर फळ भरलं आहे. यातल्या तीन खुणा जुळल्या की उतरवायचा. रंगावर मात्र विसंबू नका, काही झाडांचे फणस पिकेपर्यंत हिरवेच राहतात.

वास येईपर्यंत वाट पाहणं रसाळच्या बाबतीत महागात पडतं. तो झाडावर पिकला की देठातून सुटतो आणि खाली पडून फुटतो. त्याआधी माकडं आणि शेकरं पोचलेली असतात ती वेगळीच.

उतरवताना खाली टाकायचा नाही. वर चढलेल्याने देठाला काथ्याची दोर बांधायची, ती वरच्या जाड फांदीवरून खाली सोडायची, खालच्याने ताण धरायचा आणि मग देठ कापायचा. फळाला चार बोटं देठ राहू द्यावा. पडलेला फणस वरून धड दिसतो, पण जिथे आपटला तिथले गरे दोन दिवसांत तपकिरी पडून आंबतात. खाली आल्यावर देठ खालच्या बाजूला येईल असा सावलीत, पाल्यावर किंवा गोणपाटावर तासभर ठेवावा म्हणजे चीक निथळून जातो. सिमेंटवर ठेवू नका, तो डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतो.

तेफळ
कुळागरी बाब, आवाजाचं एक जोडतो. कान तयार करायचा असेल तर एकाच झाडावरचा कोवळा आणि भरलेला असे दोन फणस एकापाठोपाठ थापटायचे. एकट्या फळावरून नवख्याला काही कळत नाही. वडील मुलांचा हात धरून दोन्हींवर ठेवायला लावत ते यासाठीच.

वाळपयची_सून
उतरवल्यावर पिकायला किती दिवस लागतात ते कुणी लिहिलं नाही. भरलेला असेल तर मे महिन्याच्या उकाड्यात तीन ते आठ दिवस. रसाळ लवकर पिकतो, कापो रेंगाळतो. गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचा आणि रोज जागा बदलून दाबायचा. सत्तरी तालुक्यात अजून देठात लाकडी खुंटी ठोकून चिमूटभर मीठ घालतात, त्याने दोन दिवस वाचतात.

आदोळी
ताई, खुंटीबद्दल थोडी वेगळी बाजू. जखम झाली की फळ पिकवणारा वायू जास्त सुटतो, त्यामुळे उपाय खोटा नाही. पण त्याच भोकातून पाणी आणि बुरशीही आत जाते. खुंटी मारलेला फणस तीन-चार दिवसांत फोडणार असाल तरच मारा, नाहीतर देठाकडचा भाग आधी नासतो. आणि कोवळा उतरवलेला फणस खुंटीने गोड होत नाही. मऊ पडतो, गरा पांढुरका आणि पाणचट निघतो.

आता फोडणं. यात घाई केली की सगळं घर चिकट होतं.

आधी तयारी. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं, त्यावर केळीची पानं. शेजारी वाटीत खोबरेल, कागदाचे बोळे किंवा नारळाचं सोडण, गऱ्यांसाठी एक भांडं आणि आठळ्यांसाठी दुसरं. पाण्याचं भांडं जवळ ठेवायचंच नाही. फणसाचा चीक पाण्यात विरघळत नाही, उलट घट्ट होऊन बसतो. तेलात मात्र सुटतो. म्हणून दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत, नखांच्या कडा आणि कोयत्याचं पातं दोन्ही बाजूंनी तेलाने माखायचं. मध्ये तेल उतरलं की पुन्हा लावायचं. इथे बहुतेक जण चुकतात, एकदा लावून शेवटपर्यंत रेटतात.

कापो असेल तर उभा चिरायचा. देठापासून खालपर्यंत एकच खोल चीर द्या आणि दोन्ही हातांनी उघडा. मधला पांढरा दांडा म्हणजे पाव. सगळ्यात जास्त चीक त्यात आणि सालीत असतो, गऱ्यात जवळजवळ नसतोच. दोन भाग झाल्या झाल्या पावावरचा चीक सोडणाने टिपून घ्या. मग प्रत्येक भाग पुन्हा उभा कापून चार फोडी करा, पातं आडवं धरा आणि पाव एका लांब कापाने वेगळा काढा. पाव गेला की गरे मोकळे होतात. फोड दोन्ही हातांत धरून पाठीकडे वाकवली की गरे वर उमलतात, एकेक उपटून घ्यायचे. गऱ्यांच्या मधल्या पाती आणि चारखंड (काटेरी साल) गुरांना.

रसाळला पातं लागत नाही. देठाभोवती बोटं रोवून देठ गोल फिरवत ओढला की पावासकट निघून येतो आणि साल हाताने उकलते. त्याला कोयता लावला तर गरे चिरतात आणि रस सालीतल्या चिकात मिसळतो. चव तुरट होते ती त्याने.

हात धुताना आधी तेल, मग कोरडं कागद, मग साबण. कोयता चुलीच्या जाळावर किंचित गरम करून कागदाने पुसला की लख्ख होतो. रॉकेलने पुसायची पद्धत काही घरांत आहे, खाण्याच्या पात्यासाठी ती नको.

शिगमो
आदोळीबाईंनी सांगितलेलं सगळं केलं तरी घरात एकाला चीक लागतोच, आणि तो नेमका ज्याला फणस आवडत नाही त्याला.

सासष्टीकर
गरे धुवायचे का?

आदोळी
नाही. पाणी लागलेला गरा दुपारपर्यंत बुळबुळीत होतो. वर चिकाचा तंतू दिसला तर तेलाचं बोट फिरवून काढा.

कापो_पक्ष
मुख्य विषय राहिला की. फणस खावा तर कापो. गरा दाताखाली कुरकुरला पाहिजे आणि हातावरून ओघळ येता कामा नये. वडील पाहुण्यांपुढे ठेवायचे तो कापोच. रसाळ घरातल्या घरात.

माटोळी
वडील पाहुण्यांपुढे कापो ठेवायचे हे खरं, पण स्वतःसाठी रसाळ राखून ठेवणारेही तेच. ज्याला रसाळ गिळता येतो त्याने घास चावायचा नसतो, आठळी जिभेने मागे सारून गरा सरकवायचा असतो. वर दोन थेंब मध किंवा चमचाभर तूप. गोडीलाही चांगला रसाळ कापोपेक्षा कमी नसतो, फक्त तो त्याच दिवशी संपवावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागतो. कापो फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस राहतो. डबा घट्ट नसेल तर दूध, लोणी, सगळ्यालाच फणसाचा वास लागतो.

कापो_पक्ष
तूप घातल्यावर काहीही चांगलंच लागतं, माटोळी.

पुरुमेंत
तुमचा वाद चालू द्या, मी साठांकडे वळते. साठं फक्त रसाळाची. कापोचा गर वाटून कितीही पसरला तरी तो एकजीव होत नाही आणि वाळल्यावर भुसभुशीत तुकडे पडतात.

गरे निवडून आठळ्या काढायच्या आणि गर जाड भोकांच्या चाळणीवर किंवा बांबूच्या रोवळीवर हाताने घासून गाळायचा. दोरे वर राहतात. मिक्सर सोपा वाटतो, पण त्याने रसात हवा भरते, फेस येतो आणि वाळल्यावर साठाला भोकं पडतात. लावायचाच असेल तर रस अर्धा तास निवांत ठेवून वरचा फेस काढून टाका.

गाळलेल्या एक किलो रसाला साखर १०० ते १५० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. फणस फार गोड असेल तर साखर १०० च्या आतच. जास्त साखर घातली की साठ वाळतच नाही, पावसाळ्यात ओलावा ओढून पाझरते. गूळ घातला तर रंग काळपट येतो आणि चिकटपणा जातच नाही, म्हणून साखर.

थाळ्याला खोबरेल किंवा तुपाचा हात फिरवून रस ओतायचा आणि थाळा हलवून सारखा करायचा. ओला थर चार-पाच मिलीमीटर, त्याहून जाड नको. इथेच साठं मरतात. जाड थरावर वरून साय धरते, आतली वाफ अडकते आणि दुसऱ्या दिवशी खाली बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले म्हणजे आंबायला लागलं. पहिल्या दिवसाचं ऊन सगळं ठरवतं. सकाळी आठ-नऊला थाळे बाहेर गेले पाहिजेत आणि सूर्य मावळताना वरच्या थराला बोट चिकटता कामा नये. म्हणून गरे आदल्या रात्री काढून ठेवायचे नाहीत, पहाटे उठून काढायचे.

वर पातळ कापड बांधायचं ते चार काठ्यांवर ताणून. थाळ्यावर टेकलं की कापडच साठ होतं. दुसऱ्या दिवशी कडा सुरीने सोडवून साठ उलटायची. दुसरा थर द्यायचा असेल तर पहिला पूर्ण कोरडा झाल्यावरच. दोन ते चार कडक उन्हं लागतात. तयार साठ उजेडासमोर धरली तर मधासारखी पारदर्शक दिसते, दुमडली तर तडकत नाही आणि सोडली तर हाताला लागत नाही.

मध्ये कागद घालून गुंडाळ्या करून कोरड्या स्टीलच्या डब्यात. पहिले पंधरा दिवस दोनदा उघडून वास घ्या. कुठे पांढरा ठिपका दिसला तर ती साठ बाजूला काढा, नाहीतर डबाच जातो.

पेडण्यातून
आई रस आधी शिजवायची. मंद आचेवर सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटं, पळीवरून जाड पडेपर्यंत. पुरुमेंत ताईंनी ते लिहिलं नाही.

पुरुमेंत
ती पद्धतही बरोबर आहे. शिजवल्याने आंबवणारे जंतू मरतात, साठ टिकते आणि एखादा दिवस ढग आले तरी निभावून जातं. फक्त ताज्या रसाचा वास थोडा उडतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आकाश स्वच्छ असताना, न शिजवता घाला. वीस तारखेनंतर शिजवूनच घाला. गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास लागतो, पण ढग त्याच्या आधी दहा-पंधरा दिवस येऊन बसतात. जुन्या बायका मडगाव-म्हापशाच्या पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजाराआधी साठं डब्यात भरून मोकळ्या व्हायच्या, ते या हिशेबाने. आता ज्यांच्याकडे फळं वाळवायचं विजेचं यंत्र आहे त्यांनी ६० ते ६५ अंशांवर आठ-दहा तास ठेवावं. पातळ थर हवा ही अट तिथेही सुटत नाही.

तेफळ
आठळ्या माझ्याकडे.

गर काढल्या काढल्या त्या धुवायच्या, कारण वरचा बुळबुळीत पापुद्रा राहिला की बुरशी तिथूनच धरते. सावलीत दोन-तीन दिवस पसरून वरचं पांढरं कवच खडखडीत होऊ द्यायचं. कडक उन्हात टाकल्या तर सुरकुततात आणि शिजवल्यावर रबरासारख्या लागतात. मग मातीच्या मडक्यात एक थर कोरड्या तांबड्या मातीचा किंवा चुलीच्या राखेचा, एक थर आठळ्यांचा, असं भरत जायचं. एकीला दुसरी लागू नये एवढी माती मध्ये हवी. चतुर्थीपर्यंत आरामात राहतात. मध्येच कोंब आले तर फेकू नका, कोंब मोडून तशाच शिजवा.

शिजवायच्या आधी वरवंट्याने हलकेच ठेचलं की पांढरं कवच निघतं. आतली तपकिरी साल राहू द्या. मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या. अळूच्या तेरेंत, मुगागाठीत (मोड आलेल्या मुगाच्या कालवणात), सुंगटांच्या हुमणात (कोळंबीच्या आमटीत), कशातही जातात. हुमणात घालायच्या तर आधी वेगळ्या उकडून घ्या. सुंगटं दोन मिनिटांत शिजतात, आठळीला वीस मिनिटं लागतात, एकत्र टाकलं की दोन्हींतलं एक फसतं. निखाऱ्यात भाजताना प्रत्येकीला टोकाशी चीर द्यायचीच, नाहीतर बंदुकीसारखी फुटते आणि निखारा उडतो. कच्च्या कुणी खाऊ नयेत. त्यातले पचन अडवणारे घटक शिजवल्यावर जातात, आणि नीट शिजलेली आठळीही एकावेळी आठ-दहाच्या वर पोटाला जड पडते.

शिगमो
आठ-दहाच्या वर गेलेल्यांना रात्री वेगळ्या खोलीत झोपवायची पद्धतही लिहा.

सासष्टीकर
थोडं विषयांतर. आमच्या झाडाला इवले इवले फणस धरतात आणि काळे पडून गळतात. कुणी म्हणतं दृष्ट लागली. उपाय काय?

कुळागरी
दृष्ट नाही. एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. नर फूल लांबट, गुळगुळीत, बोटाएवढं. त्याचं काम झालं की ते काळं पडून गळतंच, त्यावर कापसासारखी बुरशीही दिसते. ते फणस नव्हेत. मादी फुलाचा देठ जाड असतो, देठाला कडं असल्यासारखी गोल कड असते आणि अंग खरखरीत असतं. ते काळं पडत असेल तर काळजी करायची. तीच बुरशी तिथे लागते, विशेषतः झाडाखाली दाट सावली आणि ओल असेल तर. गळलेली काळी फुलं वेचून जाळा, आतल्या बारीक फांद्या काढून उजेड-वारा येऊ द्या, आणि फुलोऱ्याच्या वेळी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा. दोन फणस एकमेकांना टेकून वाढत असतील तर एक लहान असतानाच भाजीला काढा. पोखरणारी अळी त्या टेकलेल्या जागेतूनच आत शिरते.

माटोळी
कोवळा भाजीला काढला तर एक लक्षात ठेवा. चिरताना फोडी थेट हळद घातलेल्या ताकाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. गोल चकत्या करून आधी मिठाच्या पाण्यात उकडल्या की साल आपोआप सुटते आणि चिकाचा त्रास निम्मा होतो. मग ठेचून फोडणीत मोहरी, सुकी मिरची आणि वरून भरपूर ओलं खोबरं.

वाळपयची_सून
कुळागरी बाब, वडिलांच्या झाडाची आठळी लावली तर तोच फणस मिळेल का? पुष्कळांना तेच हवं असतं, जुनं झाड जायला आलेलं असतं.

कुळागरी
आठळीतून तोच फणस येईल याची खात्री नाही. परागीभवन इतर झाडांशी होतं, त्यामुळे कापोच्या आठळीतून रसाळ निघू शकतो आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. तोच फणस हवा असेल तर जुन्या झाडाची काडी घेऊन कलम करून घ्या. काडी त्या झाडाच्या चालू वर्षाच्या निरोगी शेंड्याची, पेन्सिलीएवढी जाड, डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी हवी. खुंट रोपासाठी, म्हणजे ज्यावर काडी बांधायची त्या रोपासाठी, ताजी आठळी लागते. आठळीचा जीव महिनाभरात जातो, वाळलेली उगवत नाही. कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं. मार्गदर्शनासाठी जुन्या गोव्याला एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. नवीनच कापो लावायचा असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही जात आहे. लावताना घरापासून आणि विहिरीपासून अंतर ठेवा, मुळाशी पाणी साचू देऊ नका. फणसाला उतार मानवतो, साचलेलं पाणी मारतं.

आणि काडी आत्ताच घेऊन ठेवा. झाड वठलं की मग काही करता येत नाही.

पुरुमेंत
सांदणं राहिली. तांदळाचा जाड रवा दोन वाट्या, कोरडाच हलका भाजून. गाळलेला रसाळ रस दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, नारळाचं दूध अर्धी वाटी, मीठ. कालवून पाऊण तास झाकून ठेवा. रवा भिजला नाही तर सांदणं मध्ये कच्चट आणि बाहेरून दगड होतात. पीठ इडलीपेक्षा थोडं सैल हवं. तेल लावलेल्या वाट्यांत, किंवा फणसाच्याच चार पानांना काड्या टोचून केलेल्या खोट्ट्यांत, पाऊण भरून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. सोडा नको, त्याने रसाची चव बसते. कडवट लागली तर रसात चीक गेला आहे असं समजा. बरोबर गूळ घातलेला नारळाचा रस.

पेडण्यातून
एक सूचना सगळ्यांसाठी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या आई-वडिलांना आठवणीपोटी ताटभर गरे वाढू नका. फणसात पोटॅशियम बरंच असतं. डॉक्टरांनी किती सांगितलंय ते आधी विचारा. मधुमेह असेल तर जेवणावर गरे नकोत, जेवणाऐवजी मोजके चालतात का ते विचारा.

शिगमो
आणि जास्त पिकलेला रसाळ खाऊन लगेच गाडी घेऊन निघू नका. केरळात २०२५ साली बसचालकांच्या तपासणीत यंत्राने दारू दाखवली होती, आणि खाल्ला होता फणस.

मांडवीकांठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं एका ठिकाणी कधी वाचायला मिळालं नव्हतं. वटपौर्णिमेच्या वाणासाठी कापोचे गरे राखायचे आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर परत येते. रसाळाच्या झाडावर एक मोठा फणस आहे, त्याची देठाकडची बाजू दाबली जाते आणि मंद वास येतो. खालची बाजू मात्र कडक आणि काटे अजून खेटलेले. पानही हिरवं. उतरवू का? आणि कापोचे वाणापर्यंत कसे थांबवू?

कुळागरी
ताई, रसाळाचा तो फणस आजच उतरवा. एकच बाजू मऊ आणि दुसरी कडक म्हणजे बहुतेक अळी शिरली आहे, किंवा वरून पाणी मुरलं आहे. देठाच्या खळग्यात भुसा किंवा तपकिरी ओल दिसते का बघा. दिसली तर लगेच फोडून मऊ भाग टाकून द्या, कडक भागाची भाजी होईल. काहीच दिसलं नाही तर कडक बाजू वर ठेवून दोन दिवस थांबा. त्याची साठं मात्र घालू नका, थोडा नासका गर मिसळला तरी सगळा रस आंबतो.

कापो झाडावर थांबवू नका. पावसाचं पाणी प्यायला की गरा फिका होतो आणि साल तडकते. वाणाच्या आठ दिवस आधी तीन खुणा जुळलेले दोन उतरवा, म्हणजे एक लवकर पिकला तरी दुसरा राहील.

आदोळी
आणि पिकलेला आधी हाताशी आला तर गरे आठळ्या काढून ताटात सुटे सुटे मांडा, डीप फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. सगळे एकदम पिशवीत भरले तर त्यांचा एकच गोळा होतो. वाणाला ताजेच हवेत, हे घरच्यांसाठी.

माटोळी
वाणाचे गरे आठळीसकट ठेवायचे हं, ताई.

मांडवीकांठ
देठाच्या खळग्यात भुसा आहे. पाडेली (झाडावर चढून फळं उतरवणारा) संध्याकाळी येतोय, दोर काढून ठेवलाय. काडीसाठी फांदीही त्यालाच दाखवते.